सहाव्या झोनचा नॉब

४ सप्टेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा! बस वळणावर सोडते, तिथून चढ चालत यायचा. हत्यारांची पेटी, कपड्यांची बॅग आणि वायरचं भेंडोळं असा लवाजमा घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा घामाघूम होतो, पण गडी खूश. घर दुमजली, स्वच्छ, हवेशीर. मागच्या बाजूला दोन खोल्या मला राहायला दिल्यात. एक माझी, एक खारूची. तिच्या खोलीला खिडकी आहे आणि खिडकीत बसायला कट्टा. फोनवर सांगितलं तर तिने लगेच विचारलं, कट्ट्यावर मांडी घालून बसायचं की पाय पसरून. मी टेप लावून मोजलं आणि कळवलं: पाय पसरून.

खारू माझी लेक, अकरा वर्षांची. एका जागी ठरत नाही आणि खाताना दोन्ही गाल भरते, म्हणून तिच्या आईने तिला खारुताई करून टाकलं. आई जाऊन आता अकरा महिने झाले. तेव्हापासून खारू माझ्या ताईकडे आहे, आणि मी आज या गावी तर उद्या त्या गावी, लोकांच्या घरांत स्पीकर बसवत फिरतो. ताई मागच्या वेळी स्पष्टच म्हणाली की शाळा-बिळा ती बघेल, पण पोर दिवसभर गप्प असते आणि सात वाजता तुझ्या फोनवर तेवढी बोलते, असं किती दिवस चालायचं. म्हणून हे काम घेतलं. आधी इथला बंद पडलेला साउंड दुरुस्त करायचा, मग देखभालीला इथेच राहायचं. चोवीस तारखेच्या रविवारी ताई खारूला घेऊन येणार. कायमची. शाळा उताराखाली आहे, येताना बघून ठेवली.

मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. ठार बहिऱ्या, आणि बोलतात अशा मोठ्याने की जणू बहिरा मीच. मला त्या 'साउंडवाले' म्हणतात. उत्तरं त्यांच्या पॅडवर लिहून द्यायची. आल्या आल्या त्यांनी चौकशी केली की घरी कोण कोण, जवळचं कुणी गेलेलं आहे का. मी लिहिलं: बायको, मुलगी, सगळे मजेत. गिऱ्हाइकांना मी हेच सांगतो. खरं सांगितलं की माणसं मान तिरकी करून बघायला लागतात, ते मला सोसत नाही.

बहिऱ्या बाईंच्या घरात सहा झोनचा, म्हणजे सहा जागी वेगवेगळा वाजणारा, साउंड कशाला, हे मात्र विचारलं नाही. ज्याने हे काम मिळवून दिलं त्या दुकानदाराने बजावून पाठवलंय की जास्त तोंड चालवू नकोस.

५ सप्टेंबर, मंगळवार

ॲम्प्लिफायर जिन्याखालच्या कपाटात आहे. पुढून बघण्यासारखं काही नाही, काळी पट्टी आणि सहा दिवे. खरं यंत्र मागे असतं. ओढून फिरवलं आणि हात लावण्याआधी फोटो काढले. ही माझी जुनी सवय. बायको चारचौघांत सांगायची, लोकांच्या फोनमध्ये बायका-पोरांचे फोटो असतात, आमच्या ह्यांच्याकडे सगळे यंत्रांच्या पाठीचे.

पाठ मात्र देखणी आहे. खाली स्पीकरच्या तारा आवळायचे लाल-काळे खटके, ओळीने. वर प्रत्येक झोनचं इनपुट, आणि त्याच्याजवळ नखाएवढी पट्टी: इकडे सरकवली तर त्या खोलीत तिचाच आवाज, तिकडे सरकवली तर सगळ्या घराचा सामाईक. आणखी एका पट्टीने शेजारचे दोन झोन जोडून एक करता येतात, मग जोर दुप्पट. आणि प्रत्येक झोनला एक बारका नॉब, शून्य ते दहा, स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा. हा नॉब घरच्यांसाठी नसतोच. फिटरने एकदा लावायचा, कपाट बंद करायचं आणि विसरून जायचं.

दोन महिन्यांपूर्वी वीज पडली तेव्हापासून सगळं बंद. फ्यूज जळलाय, दोन खटके काळे पडलेत. काम किरकोळ आहे. फक्त सहावा झोन विचित्र. त्याच्या नॉबवर काळी टेप, एकावर एक इतके थर की सोलता सोलता नखं दुखली. आणि इनपुटला पिन नाही, बारीक तार थेट सोल्डरचा डाग देऊन जोडलीय. ती भिंतीत जाते.

सात वाजता खारूचा फोन. शाळेत एका मुलाने तिची पट्टी मोडली, तिने त्याची मोडली, आता दोघांची मैत्री आहे. पाऊण तास बोलली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, बाबा, त्या दिवसाचं मला तुला एक विचारायचंय. मी म्हटलं भेटल्यावर बोलू. त्या दिवसाचं मी कुणाशीच बोलत नाही.

६ सप्टेंबर, बुधवार

पाच झोन चालू! दिवाणखाना, स्वयंपाकघर, वरच्या दोन खोल्या, व्हरांडा. मालकीणबाईंनी प्रत्येक स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून पाहिला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मग सहाव्याचं विचारलं. मी पॅडवर लिहिलं की सहावा स्पीकर कुठाय. त्या मला वर जिन्यापाशी शिवणाच्या खोलीत घेऊन गेल्या. एक शिवणयंत्र, एक वेताची खुर्ची, खिडकीवर स्पीकर. त्यांचे यजमान इंजिनियर होते, हे सगळं त्यांनी हाताने केलेलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. बाई म्हणाल्या, पूर्वी होतं तसं करा, नॉब एकवर ठेवा, त्यापुढे नाही. इनपुटला काय जोडू, असं लिहिलं तर म्हणाल्या काही लागत नाही.

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून सोडून दिलं.

७ सप्टेंबर, गुरुवार

ती तार कुठे जाते ते शोधलं. भिंतीतला डबा उघडला, तर वीतभर आत गेल्यावर तारेचं टोक मोकळं. कशालाच जोडलेलं नाही. मोकळ्या टोकाच्या तारेतून काय येणार? हम. म्हणजे ती बारीक घूं अशी गुणगुण. नॉब एकवर ठेवला तर तेवढीच आली.

पण मालकीणबाई दुपारी त्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. ज्यांना दाराची घंटा ऐकू येत नाही त्या मान हलवत होत्या, मधेच हळू आवाजात उत्तर देत होत्या. हळू आवाजात! गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसरा. मी दारातून मागे फिरलो.

८ सप्टेंबर, शुक्रवार

मालकीणबाई दवाखान्यात गेल्या होत्या. मला ती हम चैन पडू देईना. कुठलाही फिटर हेच करेल: हम आली की आवाज वाढवायचा आणि तिच्यात काय मिसळलंय ते ऐकायचं, म्हणजे बिघाड कुठला ते कळतं. खारूलाही मी हेच शिकवलंय, सहा वर्षांची होती तेव्हा. नॉब दोनवर नेला आणि वर जाऊन उभा राहिलो.

हममध्ये कुणीतरी खाकरलं.

मग तिने विचारलं, शिडीवरून उतरलात का.

माझी बायको फोन केला की आधी हेच विचारायची. नमस्कार नाही, हॅलो नाही. मी शिडीवर असताना फोन घेतो आणि एक दिवस पडेन, ही तिची धास्ती. सतरा वर्षं तिने मला हाच प्रश्न विचारला आणि सतरा वर्षं मी खोटं सांगितलं की हो, उतरलो.

मी खुर्चीत बसलो आणि ढसाढसा रडलो. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. आज इथे दुसरं काही लिहिणार नाही.

(खारूचा फोन आला होता. रेंज कमी असावी, आवाज खोल गेल्यासारखा.)

१० सप्टेंबर, रविवार

आता तीन. मालकीणबाई खाली झोपतात तेव्हा, दुपारी. ती साधंच बोलते. पडदे धुवायला झालेत, खारूच्या बुटाचा तळ गेलाय, तुमचा निळा शर्ट इस्त्री केलाय. हम मधे येते आणि वाक्यं तुटतात. पण तीच आहे. 'बूट' म्हणताना 'ट' जरा दाबते, ते दुसरं कोण करणार.

मला एकच विचारायचंय. त्या दिवशी मी एका सभागृहात स्पीकर तपासत होतो, पूर्ण आवाजात. खाली उतरून बघतो तर तिचे चार फोन येऊन गेलेले. घरी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. चार वेळा ती मला काय सांगत होती? विचारलं की उत्तर सुरू होतं आणि नेमकी हम चढते.

संध्याकाळी खारूला म्हटलं मोठ्याने बोल. आणखी मोठ्याने. मग ताईने फोन घेतला आणि मला झापलं, की पोर घसा फोडून ओरडतेय, शेजारी गोळा होतील, तुझं लक्ष कुठाय.

१२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळपासून एक पाखरू ओरडलेलं नाही. स्वयंपाकघरातला स्पीकर मंद वाटला म्हणून त्याचा नॉब दहावर नेला. तरी मंद. मीटर लावला. मीटर सांगतो, पूर्ण जोराने चाललाय. जाळीवर हात ठेवला तर जाळी थरथरत होती.

म्हणजे यंत्रात बिघाड नाही.

दोनदा मोजलं. तीनदा मोजलं.

१३ सप्टेंबर, बुधवार

मालकीणबाईंच्या पॅडवर खरं लिहिलं. बायको गेलीय, नॉब फिरवला, ऐकू कमी येतंय. त्यांनी ते वाचलं. मग कपाळाला हात लावून कितीतरी वेळ बोलत राहिल्या, मी त्यांच्या ओठांजवळ वाकून ऐकलं.

त्यांनीही हेच केलं होतं. यजमान गेल्यावर एक, मग दोन, मग पाच. जितकं यजमानांचं ऐकू यावं तितकं बाकीचं जग जायचं. नॉब मागे घेतला तरी गेलेलं परत येत नाही. एकदा त्यांची मुलगी आली, तासभर समोर बसून बोलली, भांडली, रडली. यांना अवाक्षर कळलं नाही. त्यातून यांचं लक्ष दुसऱ्याच खोलीकडे. मुलगी गेली ती पुन्हा आली नाही. त्यानंतर त्यांनी नॉब मागे एकवर आणला आणि टेप लावली. बाकी सगळं शांत झालेल्या माणसाला एकही पुरतो.

कुणी गेलेलं नसेल त्याला नुसती हम येते, म्हणून तर पहिल्या दिवशी विचारलं होतं, असं त्या म्हणाल्या आणि माझा हात धरला. मीच खोटं लिहिलं. दोष कुणाला देणार?

नॉब शून्यावर. उद्या तार कापतो. अजून कान आहेत, निम्मे तरी आहेत. अकरा दिवसांत खारू येतेय, तिला पुरतील.

१४ सप्टेंबर, गुरुवार

कापली नाही. पकड हातात घेऊन अर्धा तास उभा होतो.

१६ सप्टेंबर, शनिवार

चार. फक्त दहा मिनिटं. ती म्हणाली, त्या दिवशी ना— आणि हम.

खारूला मेसेज केला की फोन बिघडलाय, लिहून पाठव. तिने लिहिलं, लिहून नाही सांगता येत बाबा. समोर बसून सांगेन. तू नीट ऐकशील ना?

मी लिहिलं, हो.

१८ सप्टेंबर, सोमवार

युक्ती सुचली. नॉबला हातच लावायचा नाही. पाच आणि सहा जोडायची पट्टी सरकवली. जोर दुप्पट, नॉब जागच्या जागी चारवर. वाटलं, फसवलं बेट्याला. बावीस वर्षांचा अनुभव आहे म्हटलं.

नळ सोडला तर पाणी पडताना दिसतं. आवाज नाही.

बादली भरून वाहिली.

२० सप्टेंबर, बुधवार

ताईला कळलं तर ती खारूला परत नेईल. कळू द्यायचं नाही. आरशासमोर ओठ बघायची सवय करतोय. 'बाबा' कळतं. 'बाबा' आणि 'पापा' सारखंच दिसतं. बाकी काही नाही.

वर मात्र सगळं स्वच्छ ऐकू येतं, त्या एका उत्तराखेरीज. तिचा श्वाससुद्धा. खुर्चीतून उठवत नाही.

मालकीणबाई रोज एकदा पॅडवर लिहितात: पुरे करा. मुलगी येतेय.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

सहा.

आज हम मधे आली नाही. मी विचारलं, चार फोन केलेस, काय सांगायचं होतं.

ती म्हणाली, अहो, ते फोन मी नव्हते केले. मी तोवर पडले होते. बाथरूमच्या दारात. फोन खारू करत होती. माझ्या फोनवरून. चारही वेळा खारू.

मग म्हणाली, शिडीवरून उतरलात का?

—

मला वाटत होतं तिचं ऐकायचं राहिलं. लेकीचं राहिलं होतं. आणि ते कळावं म्हणून मी लेकीचाच आवाज—

२३ सप्टेंबर, शनिवार

नॉब शून्यावर आणला. पट्टी मागे घेतली. टाळ्या वाजवून पाहिल्या, पातेलं आपटलं, खिडकीत जाऊन ओरडलो. कोपऱ्यावरच्या बाईने वर बघितलं, म्हणजे आवाज निघतोय.

तार कापली. दिवा क्रमांक सहा चालूच.

उद्या खारू. तिला पॅड देईन, सगळं कबूल करेन. ताई परत गेली की लगेच. माफ करेल. लहान आहे, गुणाची आहे, करेल.

२४ सप्टेंबर, रविवार, दुपार

आल्या. खारू उंच झालीय. पळत आली आणि पोटाला बिलगली, तेव्हा तिच्या छातीतलं काहीतरी माझ्या बरगड्यांना लागलं. हसत असावी. ताई बोलत सुटली होती, तिला उत्तरं लागतच नाहीत, मी हसून मान हलवत राहिलो, निभावलं. तासाभराने ती परतीच्या बसला गेली.

पॅड आणायला वळलो तर खारूने हात धरून मला तिच्या कट्ट्यावर बसवलं. समोर बसली आणि बोलायला लागली. मी थांब म्हणालो. तिने मान हलवली, आता थांबली तर परत जमणार नाही असा चेहरा. डोळे मिटून, भरभर, बोटांनी फ्रॉकची कड पिळत. किती दिवस साठवलं होतं पोरीने. मला मधे बोलवेना. मी नीट ऐकीन म्हटलं होतं. मी मान हलवत राहिलो. मग तिने डोळे उघडले आणि एक छोटंसं वाक्य बोलून माझ्याकडे बघत राहिली.

मी हसून मान हलवली. हो म्हणून.

तिचा चेहरा— असा चेहरा मी तिच्या आईच्या वेळीही पाहिला नव्हता. उठून गेली.

काय विचारलं तिने?

तीन वाजले

ताईचा मेसेज, बसमधून. लिहितेय: "तुला समोर बोलले नाही, पोर ऐकत होती. तिच्या मनात बसलंय की त्या दिवशी तुला फोन करत बसण्यापेक्षा तिने शेजाऱ्यांना बोलावलं असतं तर आई वाचली असती. माझी चूक होती का, हे तिला फक्त तुला विचारायचंय. माझं कुणाचं नाही ऐकत. तू नाही म्हण. जवळ घेऊन सांग."

मी हो म्हणालो.

मी मान हलवून हो—

घरभर शोधली. मालकीणबाई जिन्यात. पॅडवर लिहून दाखवतात, मुलगी रडत होती, मी तिला शिवणाच्या खोलीत निजवलं, शांत वाटेल म्हणून, नॉब तर बंद आहे ना—

कपाटाचं दार उघडं. स्क्रू ड्रायव्हर फरशीवर. हम आली की आवाज वाढवायचा, मीच शिकवलंय तिला.

सहावा नॉब दहावर आहे.

प्लग उपटला. दिवे तसेच.

ती खुर्चीत. डोळे मिटलेले. हसतेय. मी ओरडतोय, घसा दुखतोय म्हणजे ओरडतोय, तुझी चूक नव्हती, तुझी नव्हती. ती मान वळवत नाही. खांदा हलवला तर माझा हात हळूच बाजूला केला, कुणीतरी बोलत असताना मधे आलेल्या माणसाचा करतात तसा.

पॅड खाली राहिलं. ही वहीच धरतो समोर. मोठ्या अक्षरात लिहितो.

खारू, डोळे उघड. हे वाच.

तू बरोबर केलंस. तू चार वेळा हाक मारलीस. उचलला नाही मी. चूक माझी.

मघाशी मला ऐकू आलं नव्हतं. म्हणून मान हलवली. ते उत्तर नव्हतं बाळा. उत्तर नाही असं आहे. नाही. नाही. डोळे उघड, एकदाच बघ, तुझी काहीही चू